मांडीवरचें मूल आणि घरांतलें भय

भयाची गोष्ट ऐकण्याची हौस मनुष्यास कां असावी, हा प्रश्न जुना आहे. जें संकट प्रत्यक्ष पुढें उभें राहिलें असतां आपण पळत सुटूं, त्याचें चित्र पाहण्यासाठीं आपण आपण होऊन दिवे मालवून बसतों. याचें एक उत्तर असें देतां येईल कीं, भयकथेंतील भूत हें बहुधा निमित्तमात्र असतें. जी गोष्ट घरांत कोणी उच्चारीत नाहीं, ती उच्चारण्याची सोय तें भूत करून देतें. गेल्या पावसाळ्यांत पनवेल येथें एका स्नेह्यांच्या घरीं ‘अकेशिया’ नांवाचा कोरियन चित्रपट पाहण्याचा आम्हांस योग आला, आणि हें उत्तर आम्हांस अधिकच पटलें.

ज्या घरीं हा चित्रपट पाहिला तेथें दोन मुलें आहेत. थोरली मुलगी संस्थेंतून दत्तक आणलेली. धाकटा मुलगा त्यानंतर चार वर्षांनीं पोटीं झालेला. हा धाकटा व्हावयाचा होता त्या दिवसांत नात्यांतील एका वडीलधाऱ्या बाईंनीं आमच्या देखत प्रश्न केला होता, “आतां देवानें आपलें दिलें आहे, तर ती पोर परत कां करूं नये?” बाई दुष्ट नव्हत्या. बाजारांतून आणलेली वस्तु नको झाली तर परत करावी, इतक्या सरळपणें त्यांनीं तें विचारलें. मुलीच्या आईनें उत्तर दिलें नाहीं, ती उठून आंत गेली; आणि आम्हीही, परक्याच्या घरगुती बोलण्यांत कशास पडा असें मनाशीं म्हणून, गप्प बसलों. त्या गप्प बसण्याची टोंचणी आमच्या मनांत राहिली होती. चित्रपट पाहतांना ती पुन्हां वर आली, म्हणून हा लेख.

प्रथम चित्रपटाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तो २००३ सालचा असून पार्क की-ह्युंग हे त्याचे दिग्दर्शक आहेत. एक सुखवस्तु जोडपें, मूल नाहीं. बाईस विणकामाची कला अवगत आहे, आणि चित्रांचीही पारख आहे. अनाथाश्रमांतील एका मुलानें काढलेलीं झाडांचीं चित्रें पाहून तिचें मन त्या मुलाकडे ओढ घेतें, व त्यास दत्तक घेतलें जातें. मुलगा अबोल आहे. घराच्या अंगणांत एक वठलेलें झाड आहे. आपली मेलेली आई झाड झाली असें तो मानतो, आणि त्या झाडाशींच त्याची मैत्री जमते. कांहीं काळानें बाईस दिवस जातात व तिला स्वतःचें मूल होतें. घरांतील वारें हळूहळू फिरतें. एका पावसाळी रात्रीं दत्तक मुलगा नाहींसा होतो. आणि त्यानंतर तें वठलेलें झाड फुलूं लागतें. घरांतील माणसें एकेक करून विस्कटतात. मुलगा कोठें गेला याचें उत्तर बाहेर शोधण्याचें कारण नव्हतें, तें घरांतच पुरलेलें होतें, एवढें शेवटीं प्रेक्षकास कळतें.

चित्रपटाची चाल संथ आहे. पूर्वार्धांत दचकविणारें असें फारसें कांहीं घडत नाहीं, आणि पुष्कळांस तो कंटाळवाणा वाटेल. परंतु हा संथपणा विषयास अनुरूप आहे असें आम्ही म्हणूं. मुलावरील प्रेम एका दिवसांत आटत नाहीं. आधीं हांक मारण्याचा सूर बदलतो. मग जेवणाच्या पानावर कोणास प्रथम वाढावयाचें तें बदलतें. मग खोडी तीच असली तरी तिचें नांव बदलतें. पोटच्या मुलानें केली तर ती खोडी, आणलेल्यानें केली तर तो त्याच्या रक्ताचा गुण! ही पायरीपायरीची उतरण दाखविण्यास संथ चालच हवी. शेवटच्या भागांत मात्र दिग्दर्शकानें रक्त व आरडाओरड यांवर जो भर दिला आहे तो आम्हांस अनावश्यक वाटला. ज्यानें इतका वेळ कुजबुजून आम्हांस भिवविलें, त्यानें ओरडावें कशास?

दत्तक मुलास भयकथेंत आणण्यावर एक रास्त आक्षेप आहे. २००९ सालीं ‘ऑर्फन’ नांवाचा अमेरिकन चित्रपट निघाला. त्यांत घरांत आणलेली मुलगीच घातकी निघते. अशानें अनाथ मुलांविषयीं लोकांच्या मनांत विनाकारण संशय भरेल, असें म्हणून दत्तकाच्या कार्यांत असलेल्या मंडळींनीं त्या वेळीं तक्रार केली होती. ती तक्रार खोटी नव्हे. परकें रक्त घरांत आलें कीं अनर्थ होतो, ही समजूत सर्व देशांत आहे, आणि तिला खतपाणी घालणें सोपें आहे. कोरियन चित्रपट प्रथम त्याच समजुतीचा आधार घेतो. मुलगा अबोल, त्याची नजर विचित्र, झाडावरील त्याची माया अनैसर्गिक, असें दाखवून तो प्रेक्षकास संशयखोर नातेवाईकांच्या रांगेंत नेऊन बसवितो. नंतर मात्र तो तीच रांग आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी करतो. मूल भीतिदायक नव्हतें, त्याच्याकडे पाहणारे डोळे भ्यालेले होते. आणि भ्यालेल्या माणसाच्या हातून काय होईल याचा नेम नसतो.

झाडांत राहणारें मूल आपणांस नवीन नाहीं. मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वीं वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत आपल्या कोंकणांत व देशावर सर्वत्र आहे. पनवेलच्या आसपासच्या खेड्यांतील म्हाताऱ्या माणसांस आजही ती सांगावी लागत नाहीं. मुंजा मोठा अपराधी नसतो. त्याचें कांहींतरी राहून गेलेलें असतें, इतकेंच. जें मुलाचें देणें होतें तें कोणी दिलें नाहीं, म्हणून तो जात नाहीं. भूत म्हणजे थकलेलें देणें, अशी व्याख्या केली तर आपल्या बहुतेक भुतांस ती लागू पडेल. मग प्रश्न असा उरतो कीं, दत्तक घेतलेल्या मुलाचें देणें कोणतें?

या प्रश्नाचें उत्तर आपल्या परंपरेंत सरळ सांपडत नाहीं, कारण आपल्याकडे दत्तक हें मुळांत मुलासाठीं नव्हतेंच. तें मेलेल्यांसाठीं होतें. पितरांस पिंड मिळावा, वंशाचें नांव चालावें, वतन खालसा होऊं नये, यासाठीं मूल मांडीवर बसवावयाचें. दत्तक म्हणजे दिलेला. देणारा व घेणारा यांचाच त्या विधींत कर्तेपणा. जो दिला गेला त्यास विचारण्याचें कारण नव्हतें. झांशीच्या गंगाधररावांचें उदाहरण घ्या. त्यांचा औरस पुत्र दामोदर तान्हेपणींच वारला. पुढें १८५३ च्या नोव्हेंबरांत स्वतः मृत्युशय्येवर असतां त्यांनीं भाऊबंदांतील आनंदराव नांवाचें पांच वर्षांचें मूल दत्तक घेतलें, आणि त्याचें नांव ठेविलें दामोदर. इंग्रजांनीं तें दत्तविधान नाकारून राज्य घेतलें, तो अन्याय आपण शाळेपासून शिकतों. परंतु त्या मुलाचें नांव काढून घेऊन मेलेल्या मुलाचें नांव त्यास चढविलें गेलें, इकडे आपलें लक्ष जात नाहीं. मेलेल्याच्या जागीं जिवंतास उभें करावयाचें आणि तूं तोच आहेस असें म्हणावयाचें, यांत त्या काळच्या कोणासही वावगें वाटलें नसेल. तरीही त्यांत अंगावर कांटा आणणारें कांहींतरी आहे.

ताई महाराज प्रकरणाची हकीकत तर महाराष्ट्रास सुपरिचित आहे. बाबा महाराजांच्या मृत्यूनंतर १९०१ सालीं औरंगाबादेस जगन्नाथ नांवाच्या मुलाचें दत्तविधान झालें. विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते. पुढें ताई महाराजांनीं तें नाकारून कोल्हापूरच्या बाळा महाराजांस दत्तक घेतलें. हा वाद दिवाणींत व फौजदारींत फिरत शेवटीं १९१५ सालीं प्रिव्ही कौन्सिलांत निकालास लागला, आणि औरंगाबादचें दत्तविधान खरें ठरलें. टिळकांच्या चारित्र्याच्या दृष्टीनें त्या निकालाचें महत्त्व मोठें होतें, हें निर्विवाद. पण या सर्व काळांत वाद चालला तो मुलगा मांडीवर बसला होता कीं नाहीं याचा. त्या मांडीवर बसून मुलास काय वाटलें, हा प्रश्न कोणत्याही कोर्टापुढें नव्हता, कारण तो कोणाच्या हक्काचा प्रश्नच नव्हता.

चित्रपटांतील संकटाचें मर्म मात्र आपल्या जुन्या शास्त्रकारांस पूर्ण ठाऊक होतें. दत्तक घेतल्यानंतर औरस पुत्र झाला तर काय, हा प्रश्न वसिष्ठांनींच घालून ठेविला आहे. अशा वेळीं दत्तकास चौथा भाग द्यावा असें त्यांचें मत. मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं याचा अर्थ औरसाच्या वांट्याचा चौथा हिस्सा असा केला. म्हणजे इस्टेटीचे पांच भाग करून चार औरसास व एक दत्तकास. यांत एक प्रकारचा न्याय आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. दत्तकास हांकलून द्या असें शास्त्रानें म्हटलें नाहीं. आलेल्यास कांहींतरी ठेविलेंच. परंतु आदल्या दिवशीं जो सबंध पुत्र होता तो पाळणा हलूं लागतांच पुत्राचा एक अंश झाला, हेंही तितकेंच खरें. त्याच्या हातून कांहीं घडलें नव्हतें. घडलें तें दुसऱ्याच्या पोटीं. वडीलधाऱ्या बाईंचा तो प्रश्न याच हिशेबांतून आला होता.

परंपरेंत दुसराही सूर आहे, आणि तो अधिक खोल आहे. उद्योगपर्वांत श्रीकृष्ण कर्णास त्याच्या खऱ्या जन्माची हकीकत सांगून पांडवांकडे येण्याविषयीं आग्रह करतात. राज्य मिळेल, पांच भाऊ पायांशीं बसतील, असें आमिष आहे. कर्ण नाकारतो, आणि त्याचीं कारणें पाहिलीं म्हणजे आश्चर्य वाटतें. राधेनें आपलें मलमूत्र काढिलें, तिला आपल्या मायेनें पान्हा फुटला, अधिरथानें जातकर्म केलें. मग अशांच्या पिंडाचा लोप आपण कसा करावा, असें तो विचारतो. पिंडाचा संबंध रक्ताशीं, असें सर्व शास्त्र सांगत असतां कर्ण तो संबंध काढलेल्या खस्तांशीं जोडतो. वंशासाठीं मूल असें न म्हणतां, ज्यांनीं मुलासाठीं केलें त्यांचा वंश, असें तो म्हणतो.

हाच सूर एकोणिसाव्या शतकांत पुण्यास प्रत्यक्ष आचरणांत आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. फसलेल्या विधवांनीं तेथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल मारूं नये, हा हेतु. १८७४ सालीं काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेस मुलगा झाला. त्यास या निपुत्रिक दांपत्यानें आपला म्हणून घेतलें. हा यशवंत. येथें वतन राखावयाचें नव्हतें, राज्य वांचवावयाचें नव्हतें. वंश चालविण्यासाठींच मूल हवें असतें तर जातींतलें मूल मिळणें कठीण नव्हतें. येथें प्रथम मूल होतें, त्यास जगवावयाचें होतें. आणि त्यासाठीं आईबाप झालें पाहिजे, म्हणून तीं दोघें आईबाप झालीं. यशवंत पुढें डॉक्टर झाला. १८९० च्या नोव्हेंबरांत जोतीराव वारले तेव्हां टिटवें कोणीं धरावें यावरून भाऊबंदांनीं यशवंताच्या हक्कास हरकत घेतली, आणि सावित्रीबाई स्वतः टिटवें धरून प्रेतयात्रेपुढें चालल्या, ही आठवण प्रसिद्ध आहे. १८९७ च्या प्लेगांत मायलेकांनीं मिळून रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्याच सेवेंत प्लेग होऊन सावित्रीबाई गेल्या. ज्या मुलास त्यांनीं मृत्यूच्या दारांतून घरांत आणिलें, त्याच्यासह त्या दुसऱ्यांस मृत्यूच्या दारांतून काढण्यास गेल्या. यापेक्षां अधिक पूर्ण असें आईपण आम्हांस ठाऊक नाहीं.

कायदा या मार्गानें पुष्कळ मागाहून आला. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्यानें मुलीसही दत्तक घेण्याची मोकळीक दिली, दत्तक अपत्य सर्व बाबतींत दत्तक घेणाऱ्यांचेंच अपत्य ठरविलें, आणि पंधराव्या कलमांत असें सांगितलें कीं, विधिवत् झालेलें दत्तक आईबापांस रद्द करितां येणार नाहीं. चार-एकचा हिशेब त्या दिवशीं संपला. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वयें धर्माचा भेद न करितां दत्तक घेतां येतें, आणि आदेश अमलांत आल्या दिवसापासून तें मूल त्या घराचें होतें. बाईंच्या प्रश्नास कायद्याचें उत्तर असें स्पष्ट होतें. पण बाईंनीं कायदा विचारला नव्हता. चित्रपटांतील जोडप्यानेंही कागद फाडले नव्हते. मुलगा कागदावर शेवटपर्यंत त्यांचाच होता.

येथें एक प्रामाणिक माणूस आम्हांस अडवील. तो म्हणेल, “कागदाचें सोडा, मनाचें काय? पोटच्या मुलाकडे मन अधिक ओढ घेतें, यांत त्या आईचा काय दोष? प्रेमाचा हुकूम निघत नाहीं.” हा आक्षेप टाळण्यासारखा नाहीं. प्रेमाचा हुकूम निघत नाहीं हें आम्हांस मान्य आहे. दोन औरस मुलांवरही आईचें मन तंतोतंत सारखें नसतें. एकाचें रडें तिला आधीं ऐकूं येतें. परंतु नावडत्या औरस मुलासही एक गोष्ट निश्चित ठाऊक असते: घरांतील आपली जागा आपल्या वागणुकीवर अवलंबून नाहीं. तो चिडला, नापास झाला, उलट बोलला, तरी तो उमेदवार नाहीं. दत्तक मुलाचें देणें जें आम्ही म्हणतों तें हेंच. भावनेचें माप सारखें असावें असा आमचा आग्रह नाहीं. उमेदवारी नसावी असा आहे. प्रेम ओसरलें तर तें पुन्हां भरून येऊं शकतें. पण आपण येथें तात्पुरते आहों असें एकदां मुलास कळलें, म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन गेली. चित्रपटांतील मुलगा झाडास मिठी मारतो, कारण त्या सर्व वस्तींत झाडच काय तें जागा सोडून जाणार नव्हतें.

आणि आईबापांचें भय? तेंही खोटें नाहीं; पण त्याचा पत्ता चुकीचा लिहिला जातो. हें मूल कोणाचें असेल, काय निघेल, असें तीं म्हणतात. पोटचें मूल काय निघेल हें तरी कोणास ठाऊक असतें? प्रत्येक मूल अनोळखीच येतें. औरसाच्या अनोळखीपणावर आपण आपल्या नाकडोळ्यांचा पडदा टाकतों, इतकेंच.

मात्र याच्या उलट टोंकासही एक चूक आहे, ती सांगितली पाहिजे. सर्व मुलें सारखीं, म्हणून दत्तक मुलाचा पूर्वेतिहास पुसून टाकावा असें कोणी म्हणेल तर तें बरोबर नाहीं. कोरियांत जुनी रीत आपल्या कुळांतलेंच मूल घेण्याची होती. बाहेरचें मूल घरांत घेण्यास समाज नाखूष. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर पुढील अनेक दशकांत सुमारें दोन लाख मुलें त्या देशांतून परदेशीं दत्तक पाठविण्यांत आलीं. त्यांपैकीं कित्येकांच्या कागदांत फेरफार झाले होते, आईबाप असतां मूल अनाथ म्हणून नोंदलें गेलें होतें, असा निष्कर्ष तेथील सत्यशोधन आयोगानें २०२५ सालीं काढिला. तीं मुलें आज प्रौढ वयांत आपलें मूळ नांव शोधीत परत येत आहेत. चित्रपटांतील मुलगाही आपली आई विसरावयास तयार नाहीं, आणि घर त्याची ही एवढीच मागणी सोसूं शकत नाहीं. मुलास पक्की जागा द्यावी आणि त्याबरोबर त्याची आठवणही राहूं द्यावी, या दोन गोष्टी परस्परविरुद्ध नाहींत. कर्णास आपला जन्म कळला म्हणून राधा त्याची आई नाहींशी झाली नाहीं. उलट कळल्यावरच त्यानें तिला निवडिलें.

चित्रपट संपला तेव्हां बाहेर पाऊस चालू होता. धाकटा केव्हांच झोंपला होता. थोरली जागी होती; ती आतां बारा वर्षांची आहे, आणि आपण कोठून आलों हें तिला ठाऊक आहे, कारण आईबापांनीं तें तिला लहानपणापासून सांगितलें आहे. तिनें आंतल्या खोलींतून येऊन, “त्या मुलाचें शेवटीं काय झालें?” असें विचारलें. आम्ही सर्व क्षणभर घुटमळलों. तिच्या आईनें मात्र जवळ बोलावून सर्व हकीकत जशीच्या तशी सांगितली. मुलीनें ऐकून घेतलें आणि म्हटलें, “मग त्यांनीं त्याला आणलाच कशाला?” आणि भिजत असलेले कपडे काढावयास ती गच्चीवर निघून गेली, जातांना धाकट्याचे कपडे आधीं आण म्हणून आईनें सांगितलें त्यावर, “माझे आधीं!” असें ठणकावून गेली.

ज्या मुलास आपली जागा पक्की वाटत नाहीं, तें असें ठणकावून बोलत नाहीं. वर्षांपूर्वीं त्या बाईंस जें उत्तर आम्हीं द्यावयास हवें होतें, तें त्या घरानें आमच्यावांचून दिलें होतें. आमचें मौन मात्र आमच्याकडेच राहिलें. पुढल्या वेळीं कोणी असा प्रश्न आमच्या देखत विचारील, तेव्हां परक्याच्या घरगुती बोलण्यांत पडूं नये हा शिष्टाचार आम्ही पाळणार नाहीं; कारण मुलाच्या जागेविषयींचें बोलणें हें कोणाचेंच खासगी बोलणें नव्हे.